शुक्रवारचा शोध

आई एप्रिलमध्ये गेली आणि त्यानंतरही दर शुक्रवारी सकाळी सात वाजता तिचं लेखन प्रसिद्ध होत राहिलं.

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. मरणोत्तर प्रसिद्ध झालेले लेखक मी आयुष्यभर कपाटात लावत आले आहे. पण त्यांच्यातला कोणी इतका वक्तशीर नव्हता, आणि कोणी उलट्या बसवलेल्या चेनचं कौतुकही केलेलं नव्हतं.

खुलासा साधा आहे. आईचा घरगुती शिवणकामाचा ब्लॉग होता, 'मर्लची सुई' नावाचा. तिथे ती सोमवारी आपण काय शिवलं ते लिहायची आणि शुक्रवारी 'शुक्रवारचा शोध' या मथळ्याखाली दुसरी कोण काय शिवते ते. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात कोणीतरी बाई नवा ब्लॉग काढून पहिल्यावहिल्या झग्याचा फोटो टाकते, आणि तो कोणीही पाहत नाही. आई तो शोधून काढायची, चार ओळींत ओळख करून द्यायची आणि शेवटी ठरलेलं वाक्य लिहायची: 'जाऊन बघा, आणि दोन बरे शब्द लिहा.' लोक जायचे आणि लिहायचे. उलट्या चेनवाल्या बाईला आईने लिहिलं होतं की हात धाडसी आहे. मी शाळेत असताना शिवलेल्या माझ्या एकमेव स्कर्टबद्दल ती म्हणाली होती की पडद्याला चालेल. आणि खरंच, न्हाणीघराच्या खिडकीला तो पुष्कळ वर्षं चालला.

असं लेखन आधी लिहून ठेवता येतं आणि तारीख घालता येते. इस्पितळात जाण्याआधी दुसऱ्या बायका फ्रीजरमध्ये जेवणाचे डबे भरून ठेवतात. आईने हिवाळाभराचे शुक्रवार भरून ठेवले. फ्रीजरमध्ये नुसता बर्फ होता.

गावात सगळ्यांना ती गेल्याचं माहीत होतं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं आमचं वॉर्नंबूल एवढं मोठं नाही. पण तिचे वाचक गावात नव्हते. ते होबार्टला होते, रॉकहॅम्प्टनला होते, समुद्रापलीकडे न्यूझीलंडात होते, आणि ते दर शुक्रवारी तिला लिहीत होते की मर्ल, आजचा शोध झकास. कोणीतरी विचारलं होतं की बाह्या शिवण्यावरचा सोमवार कधी येणार. माझी इच्छा फार मोठी नव्हती. माझी आई जिथे खरोखर राहत होती त्या जागी ती गेल्याच्या चार ओळी लागाव्यात, एवढंच. गावच्या वर्तमानपत्रात दिल्या होत्या, पण त्यात ती कोणाला ओळखतच नव्हती.

चार ओळींसाठी परवलीचा शब्द हवा होता. तो आईच्या डोक्यात होता. मग कंपनीने सांगितलं की खातेदाराच्या मोबाइलवर आकडे पाठवतो. तो मोबाइल माझा भाऊ डॅरिल याने अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी बंद करून टाकला होता. डॅरिल पर्थला राहतो आणि आईच्या आजारपणापासून आजवर त्याने केलेलं हे एकमेव काम. मी फोन केला तेव्हा तो दुखावला. "तूच म्हणालीस ना, मीही काहीतरी करावं म्हणून," तो म्हणाला.

कंपनीच्या मदतकक्षात माणूस नव्हता, माणसासारखं काहीतरी होतं. ते प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला म्हणायचं की आम्हाला तुमची अडचण समजते. मृत्यूचा दाखला पाठवला. तो रंगीत हवा होता. रंगीत पाठवला. माझं आणि आईचं नातं सिद्ध करायला माझा जन्मदाखला हवा होता. तोही दिला, जरी त्यावरचं माझं वजन पाहून कोणाचा काय फायदा झाला असेल मला माहीत नाही. शेवटी त्यांनी कळवलं की सुरक्षिततेसाठी आता फक्त एक गोष्ट राहिली आहे. खातेदाराने ओळखपत्र हातात धरून चेहरा दिसेल असा ताजा फोटो पाठवावा. मी लिहिलं की ते शक्य नाही; त्याचं कारण वर पाठवलेल्या दाखल्यात आलेलं आहे. त्यांना माझी अडचण समजली. ठरलेल्या मुदतीत फोटो न आल्यामुळे त्यांनी विनंती निकालात काढली आणि सेवेबद्दल किती समाधानी आहात असं विचारलं.

शेजारच्या नोलीनला हे सगळं कुंपणावरून कळत होतं. नोलीन आईच्या वयाची. गेल्या कित्येक वर्षांत मी मागितलेला एकही सल्ला तिने दिलेला नाही, कारण मागायची वेळच आलेली नाही. अंत्यविधीपासून ती दर दोन दिवसांनी टुना मासा आणि चीज घालून भाजलेला मोठा थाळा आणून देत होती आणि रिकामा थाळा नेताना सल्ला ठेवून जात होती. ती म्हणाली की एवढं कशाला, त्या पानाखाली लोक प्रतिक्रिया लिहितात ना, तिथे लिही की. मला स्वतःला हे सुचलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. मी खाली नीट लिहिलं: मर्ल पॅस्को यांचं निधन झालं आहे, मी त्यांची मुलगी हेस्टर. पाठवलं. उत्तर आलं की या पानावर आपण प्रथमच लिहीत आहात. लेखिकेने मंजुरी दिल्यावर आपली प्रतिक्रिया दिसेल.

म्हणजे ज्यांनी आधी कधी लिहिलं होतं त्यांना दार उघडं होतं. उलट्या चेनवाली सरळ आत जाऊ शकत होती. मी मात्र आईच्या ब्लॉगवर कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यामुळे ती मेल्याची बातमी तिच्या मंजुरीसाठी थांबली होती.

मग गुरुवारी मी चर्चच्या हॉलमध्ये गेले. तिथे आईच्या शिवणाऱ्या मैत्रिणी जमतात, आणि त्यांची प्रमुख व्हॅल. व्हॅलचा आवाज नगरपालिकेच्या सभेला शोभेल असा आहे आणि ती तो पूर्वी तिथेच वापरत असे. माझी अपेक्षा अशी की यांच्यातल्या कोणीतरी एकीने लिहावं. पण या बायका आईला दर गुरुवारी तोंडावर बोलत होत्या. लिहायची वेळ त्यांच्यावरही कधी आली नव्हती. त्याही सगळ्या मंजुरीच्या बाहेर.

"ती बरी झाली असंच वाटत असणार त्यांना," व्हॅल केक कापता कापता म्हणाली. "शुक्रवार चालू आहेत ना. बिचाऱ्या नाताळाच्या आधीपासून विचारत होत्या."

"काय विचारत होत्या?"

"तपासण्यांचं, गं. तिकडे न्यूझीलंडात, इन्व्हरकार्गिलच्या त्या आयोनाला मर्ल सगळं लिहायची. आयोनाने पुढे सांगितलं. आम्हाला तर ती इथेच सांगायची, बाही जोडता जोडता."

मला आईने फेब्रुवारीच्या अखेरीस सांगितलं होतं. उन्हाळा संपत आला होता. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं आणि मग मला जवळ घेतलं. आमच्या घरात ही पद्धत नाही. तिने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले आणि बराच वेळ ठेवले, आणि मला वाटलं होतं की एवढी मोठी बातमी तिने सर्वांत आधी मला दिली.

हॉलमध्ये शिवणयंत्रं थांबली होती. कोणीतरी केकची बशी माझ्याकडे सरकवली.

"तुला सांगायला नको म्हणाली," व्हॅल जरा खालच्या आवाजात म्हणाली, म्हणजे फक्त हॉलभर ऐकू जाईल इतक्या. "हेस्टरला सांगितलं तर ती पुस्तकं घेऊन येईल, म्हणाली."

मी म्हटलं की हा माझ्यावर अन्याय आहे. मी तीन नेली होती, पण त्यातलं एक विनोदी होतं.

व्हॅलने मग तोडगा सांगितला. मी स्वतःचाच शिवणाचा ब्लॉग काढायचा आणि त्यावर बातमी द्यायची. नवा ब्लॉग निघाला की या बायका एकमेकींना सांगतातच. कोणी ना कोणी शोधून काढेल आणि चार जणींना दाखवेल, त्या आणखी चार जणींना. फक्त एक लक्षात ठेव, ती म्हणाली: कापडाचा फोटो टाक. फोटो नसेल तर आमच्यातलं कुत्रंही वाचत नाही.

माझ्याकडे फोटो काढण्यासारखं एकच कापड होतं. आईच्या खोलीत, टेबलावर, करड्या लोकरीचा एक कोट बेतून ठेवलेला होता. टाचण्या लावलेल्या, थोडे कच्चे टाके घातलेले, बाह्या अजून सुट्या. आई लहानखोर होती आणि कोट मोठा होता, त्यामुळे मी गृहीत धरलं होतं की व्हॅलचा असेल. फोटो काढला. आणि खाली मजकूर लिहायला बसले.

इथे माझ्या वाचनाने मला दगा दिला. 'निधन' हा शब्द मी कंपनीच्या रकान्यांमध्ये इतक्या वेळा भरला होता की पुन्हा लिहवेना. मोठमोठ्या लेखकांनी अशा जागी किती कमी शब्द वापरले आहेत ते मला माहीत होतं. मी दोनच वाक्यं लिहिली. 'हा कोट माझी आई मर्ल पॅस्को हिने बेतला. उरलेलं काम आता तिच्या हातून होणार नाही.' वाचून माझे मलाच डोळे भरून आले. इतका संयम मी क्वचितच पाहिला होता.

व्हॅल म्हणाली होती तसंच झालं. होबार्टच्या एका बाईने शोधलं, तिने दाखवलं, आणि रविवारपर्यंत माझ्या दारात गर्दी झाली. सगळ्यांनी दोन बरे शब्द लिहिले, कारण आईने त्यांना तशी सवय लावली होती. लोकर सुंदर आहे. कुठून घेतली? अस्तर कोणतं घालणार? आणि मर्लच्या हातांचं वाचून फार वाईट वाटलं. उपचारांनी बोटांतली ताकद जाते. तिला गरम मेणात बोटं बुडवायला सांग. एकीने अंगठ्याचे व्यायाम चित्रांसह पाठवले. एकीने लिहिलं की आई शिकवायला शेजारी बसली असताना पहिला कोट शिवायला मिळणं हे भाग्य आहे.

मी तेव्हा संयम सोडला. दुसऱ्या दिवशी साध्या भाषेत लिहिलं: माझी आई एप्रिलमध्ये वारली. शुक्रवारचं लेखन तिने आधी लिहून ठेवलेलं आहे. फोटो टाकला नाही. त्यामुळे बहुतेकींनी वाचलं नाही, आणि जिने वाचलं ती आयोना होती.

इन्व्हरकार्गिलच्या आयोनाचा ब्लॉग मोठा. तीही दर आठवड्याला नव्या ब्लॉगांची ओळख करून देते. त्या आठवड्यात तिने माझी करून दिली. लिहिलं की मैत्रिणींनो, या पानापासून सावध राहा. मर्लच्या आजाराचा फायदा घेऊन कोणीतरी वाईट चेष्टा करत आहे. मर्लने शुक्रवारीच लिहिलेलं तुम्ही आम्ही सगळ्यांनी वाचलं आहे. मर्लला मुलगी आहे, पण ती शिवत नाही, ती वाचते. आणि सर्वांत मोठा पुरावा फोटोतच आहे. कोटाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला अर्धा इंच खाली बेतलेला आहे. ज्याला मर्लचं काम माहीत आहे त्याने सांगावं, मर्ल असा वाकडा खांदा कापेल का?

कोणीच म्हणालं नाही की कापेल. माझा ब्लॉग आता तिप्पट वेगाने पसरला. यापूर्वी कोणत्याही नवशिक्या शिवणकर्तीला इतकी प्रसिद्धी मिळाली नसेल. जन्मदाखला मागणाऱ्या कंपनीलासुद्धा मी आईची मुलगी आहे हे पटलं होतं. या बायकांना पटत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांची बाजू माझ्यापेक्षा भक्कम होती. मर्लची मुलगी शिवत नाही, हे बरोबर. आजाराची बातमी त्यांना माझ्याआधी, हेही बरोबर. आईच्या पानावर त्यांना मुक्त प्रवेश आणि मी दाराबाहेर. त्यांच्या जागी असते तर मीही मला तोतया ठरवलं असतं.

मला मात्र राग आला तो खांद्याचा. माझ्याबद्दल काहीही म्हणा, पण हात थरथरत असतानाही आईने कधी वाकडं कापलं नव्हतं. हे मला शिवण येत नसूनही माहीत होतं. घरातला प्रत्येक पडदा सरळ होता, माझ्या स्कर्टचा सोडून. शनिवारी सकाळी मी तो कोट टाचण्यांसकट मागच्या अंगणात नेला आणि नोलीनला हाक मारली. अंगावर घालून फोटो काढायचा आणि दाखवून द्यायचं की खांदा सरळ आहे, एवढाच विचार.

वारा नेहमीसारखा समुद्रावरून येत होता. कपडे वाळत घालायची गोल दांडी कुरकुरत फिरत होती. नोलीनने पहिल्या फोटोत स्वतःचा अंगठा काढला, दुसऱ्यात दांडीवरच्या माझ्या बनियनी. मध्येच म्हणाली, "हसू नकोस गं, वारलेल्या बाईचा कोट आहे." मी हसत नव्हते. काखेत टाचणी घुसली होती.

मग तिने फोन खाली केला आणि मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

"तुला बसलाय की," ती म्हणाली.

"मोठा आहे म्हणून बसला. व्हॅलचा असेल."

"व्हॅलच्या दंडात जाणार नाही तो. आणि तुझा खांदा बघ. लहानपणापासून मर्ल ओरडायची ना, सरळ उभी राहा म्हणून. कधी राहिली नाहीस. आज दिसतेयस सरळ."

मी फोटो पाहिला. शाळेपासून पुस्तकांची पिशवी मी उजव्या खांद्यावर घेते. तो खांदा खाली गेलेला आहे, हे मला माहीत होतं, कारण जेवताना, चर्चमध्ये, रेल्वे फलाटावर, माझ्या लग्नात आणि घटस्फोटाच्या दिवशीसुद्धा आई म्हणत आली होती, "खांदा वर कर, हेस्टर." फोटोत खांदे एका रेषेत होते. मी वर केला नव्हता. कापड माझ्याकडे खाली आलं होतं.

फेब्रुवारीतली ती मिठी मला तेव्हा समजली. माप घेत होती.

बाकीच्यांना हे किती हृद्य वाटेल त्याची मला कल्पना आहे. मला त्या अंगणात उभं राहून आधी रागच आला. नाताळाच्या आधीपासून इन्व्हरकार्गिलला पत्रं जात होती. मला मात्र तिने फक्त मोजलं. एक वाक्य बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण वाक्यं बोलणं हा तिचा धंदा नव्हता, निदान घरात नव्हता. ती वाक्यं बाहेर वाटायची, दोन दोन, अनोळखी बायकांना.

मी फोटो टाकला. अंगठ्याचा नव्हे, तिसरा. खाली लिहिलं: 'मर्ल पॅस्को एप्रिलमध्ये वारली. हा खांदा माझा आहे.'

आयोनाचं उत्तर त्याच दुपारी आलं. तिने आधी विचारलं की पिशवी उजवीकडेच घेतेस का. मग लिहिलं होतं: 'पत्रं थांबली तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण शुक्रवार येत होते, हेस्टर.'

कंपनीकडे इतके दाखले पाठवणारी मीही दर शुक्रवारी सात वाजता फोन हातात घेऊन बसत होते. पत्नी-मुलांसह पर्थला राहणारा डॅरिलही बसत होता, हे त्याने पुढे कबूल केलं. त्यांच्याकडे तेव्हा पहाट असते.

मग बातमी खरी झाली. आयोनाने सावधानतेचा इशारा मागे घेतला आणि लोकांना पुन्हा माझ्याकडे पाठवलं, दोन बरे शब्द लिहायला. ते आले. उलट्या चेनवालीही आली. तिने लिहिलं की तुझ्या आईने मला धाडसी म्हटलं त्या दिवसापासून मी शिवणं सोडलं नाही. मी उत्तर दिलं की अभिनंदन. यापेक्षा जास्त मोठेपणा त्या दिवशी माझ्याजवळ नव्हता.

गुरुवारच्या बायकांनी कोट पुरा करून देतो म्हटलं. मी नाही म्हटलं, आणि त्याची शिक्षा हिवाळाभर भोगली. बाही दोनदा उलटी जोडली. अस्तर कोटापेक्षा लांब निघालं. व्हॅल माझ्या मागे उभी राहून सुस्कारे टाकायची आणि नोलीनने थाळ्यांचं प्रमाण वाढवलं. शेवटची दुमड मी स्वतः घातली. ती लाटांसारखी आहे. व्हॅलने चष्मा लावून ती सबंध घेरभर पाहिली आणि म्हणाली की खांद्यांकडे बघतील लोक.

पुढे एका शुक्रवारी आईने युकॉन नदीकाठच्या कुठल्याशा मुलीचा ब्लॉग शोधला. तिने भावाच्या तंबूचं कापड कापून पावसाळी कोट शिवला होता. शिवण दोन ठिकाणी उसवलेली फोटोतही दिसत होती. आईने लिहिलं होतं की पाणी आत येईल, पण रंग छान आहे. जाऊन बघा, आणि दोन बरे शब्द लिहा. त्यानंतरच्या शुक्रवारी सात वाजले, मग सव्वासात, आणि काही आलं नाही.

मी कोट घातला आणि त्या मुलीच्या पानावर जाऊन लिहिलं की रंग छान आहे. तिच्याकडे मंजुरी लागत नाही, लगेच दिसलं. मग आईच्या पानावर गेले. शेवटच्या शुक्रवारखाली फोटो जोडला, नोलीनने काढलेला नवा, पुऱ्या झालेल्या कोटाचा. दुमड झाकायला मी हात खाली धरले आहेत. विचारलं, पडद्याला चालेल का?

दोन्ही प्रतिक्रिया तिथे आहेत, निधनाच्या बातमीची आणि ही. दोन्हींखाली तेच लिहून येतं की लेखिकेच्या मंजुरीची वाट पाहत आहोत.